साखळीची पिन आणि माझी सही

बीडच्या तंत्रनिकेतनात मी पदार्थांचं बलशास्त्र शिकवायला लागलो, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. कोणती वस्तू कुठे दाबली तर कुठून तडकेल, हे मी अकरा वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो. एवढ्या काळात खडू सोडला तर माझ्या हातून प्रत्यक्षात काहीही तडकलं नव्हतं.

देश खुला झाल्याची बातमी आमच्याकडे ब्रीफकेसमधून आली. आधी यंत्रांचे सुटे भाग विकणारा माणूस बसने यायचा, कापडी पिशवीत कॅटलॉग घेऊन. नव्वदीनंतर तो पांढऱ्या गाडीतून, टाय लावून यायला लागला आणि प्रत्येक वस्तूच्या आधी ‘फॉरेन टेक्नॉलॉजी’ हे दोन शब्द लावायला लागला. टाय लावलेला माणूस बीडच्या उन्हात खोटं बोलत असेल असं कुणाला वाटायचं नाही. एवढा त्रास खोट्यासाठी कोण करून घेईल?

आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हा माणूस पिना घेऊन आला. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्या वर्षी तो वागला तसा कुठलाही कारखाना वागला असता.

या पिना म्हणजे काय, ते सांगतो. उसाच्या मोळ्या गव्हाणीत, म्हणजे एका लांब खोल हौदात, पडतात आणि गव्हाणीतली लोखंडी साखळी त्या ओढत चरकाकडे नेते. साखळीच्या दोन कड्या जिथे जोडलेल्या असतात तिथे एक पिन असते, वीतभर लांब आणि अंगठ्यापेक्षा जाड. साखळी चाकावरून वळली की पिन आपल्या भोकात थोडीशी फिरते, तीही टनावारी ऊस ओढण्याच्या ताणाखाली. फिरते म्हणजे घासते. हंगामभर, दिवसरात्र. एक पिन गेली की साखळी थांबते, साखळी थांबली की चरक थांबतो, आणि बाहेर बैलगाड्यांची रांग थेट डांबरी रस्त्याला लागते. त्या रांगेतून जी भाषा ऐकू येते ती ऐकलेला चीफ इंजिनिअर पुन्हा पिनांच्या बाबतीत हयगय करत नाही.

या पिना आधीची काही वर्षं बीडमधला एक मिस्त्री करून द्यायचा. बिंदुसरा नदीच्या काठाला त्याची भट्टी होती. घराणं लोहाराचं, आजोबांनी निजामाच्या काळात बंदुकांचे घोडे दुरुस्त केलेले. स्वतः मिस्त्री सातवी पास. अंगात कायम एकच खाकी शर्ट, म्हणजे निदान मला तरी तो एकच वाटायचा. सालभराचं काम त्याच्याकडे किरकोळ असे, कोयत्याला पाणी दे, नांगराचा फाळ लाव. भट्टी चालायची ती कारखान्याच्या पिनांवर. धाकटे दोघे भाऊ आधीच औरंगाबादच्या कंपन्यांत गेले होते. पिना गेल्या तर भट्टी बंद करून मेव्हण्याच्या फळांच्या गाड्यावर घाटनांदूरला जायचं, एवढंच त्याच्यापुढे उरणार होतं.

त्या वर्षी टायवाल्याने संचालकांच्या बैठकीत आपली पिन मखमली डबीतून बाहेर काढली. ती आरशासारखी होती. वर चकचकीत कठीण धातूचा मुलामा, आत कडक पोलाद. मिस्त्रीची पिन तिच्याशेजारी ठेवली तेव्हा ती नुकतीच शेतातून आल्यासारखी दिसली. तरीही चेअरमनसाहेबांनी घाई केली नाही. ते म्हणाले, शास्त्रीय पद्धतीने ठरवू. मग दोन्हींचे नमुने आमच्या तंत्रनिकेतनाकडे आले, आणि प्राचार्यांनी पत्राच्या कोपऱ्यात माझं पद लिहून ते माझ्याकडे सरकवलं.

आमच्याकडे कठीणपणा मोजायचं यंत्र होतं. त्यात हिऱ्याचं बारीक टोक ठरावीक वजनाने धातूत रुतवतात; जितकं कमी रुतेल तितका धातू कठीण. गोल वस्तू न घरंगळता त्यावर ठेवायची तर खाच असलेला एक ठोकळा लागतो. तो यंत्रासोबत आला होता. पण आला त्याच दिवशी तो जडसंग्रहाच्या, म्हणजे डेड स्टॉकच्या, नोंदवहीत चढला आणि कपाटात गेला. त्या कपाटाची किल्ली ज्या भांडारपालाकडे होती त्याची बदली झाली होती, आणि कुलूप तोडायला संचालनालयाची मंजुरी लागत होती. तेव्हा आम्ही एक सोपी रीत पाडली होती. गोल वस्तू आली की करवतीने आडवी कापायची, कापलेलं सपाट तोंड घासून साफ करायचं आणि त्याच्या मधोमध टोक रुतवायचं. माझ्या आधीचे सर तसंच करायचे. मीही तसंच करत आलो. कुणी विचारलं नव्हतं.

टायवाल्याची पिन कापताना करवतीची तीन पाती गेली. तिच्या मधोमध आकडा भरघोस आला. मिस्त्रीची पिन पोटात मऊ निघाली. मी अहवालात लिहिलं, ‘नमुना क्रमांक दोन अपेक्षित कठीणपणाचा नाही, वापरास अयोग्य.’ खाली सही केली, शिक्का मारला. माझी सही तेव्हा फार सुंदर यायची.

चौथ्या दिवशी मिस्त्री कॉलेजात आला. चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढल्या. आमचे विद्यार्थीसुद्धा प्रयोगशाळेला इतका मान देत नसत.

“सर, मऊ निगाली म्हनं माझी पिन.”

“हो मिस्त्री. आकडाच तसा आला.”

“कुटं मोजली?”

“मधोमध.”

मग खिशातून एक जुनी, वापरून झालेली पिन काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या एका अंगाला घासून चमक आली होती.

“सर, साखळी मधोमध घासती का?”

मी काहीतरी म्हणालो. प्रमाणित पद्धत, असं काहीतरी.

“आंब्याची कोय दाबून आंबा पिकला का न्हाई ते काहून बघावं?” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. “मी तिला पोटात मऊ ठिवलीय सर. मुद्दाम. ऊसाबरूबर धोंडा आला, दणका बसला, तर पोट मऊ असंल तर सोसती. वरून कडक. आन् वरून आत जाताना हळूहळू, हळूहळू मऊ. लई कष्टाचं काम हाय ते.” मग पिन परत खिशात घालत म्हणाला, “आता मोळी टाकून हंगाम सुरू व्हायला चार दिस राह्यलेत. बघा. न्हाईतर केळी इकायला चाललोच मी. केळं मात्र वरून दाबूनच घेत्यात लोक.”

तो गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटायला वेळ लागला, कारण तिच्या आधी राग आला होता. सातवी पास माणसाने मला माझाच विषय शिकवला होता, आणि दोन वाक्यांत. मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत होतो की दोन गोल वस्तू नुसत्या एकमेकींवर दाबल्या तर सगळ्यांत जास्त ताण पृष्ठभागावर नसतो, जरासा आत असतो. पण त्या घासायला लागल्या की तो ताण वर येतो. घर्षण जितकं जास्त तितका वर, अगदी कातडीपर्यंत. शिवाय घासणारी वस्तू पुढे सरकते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला पृष्ठभाग ओढला जातो, उकलू पाहतो, आणि चिरा तिथून सुरू होतात. हे सगळं मी परीक्षेत पंधरा गुणांना विचारलेलं होतं. आणि पिनेचा सगळा संसार जिथे चालतो ती जागा सोडून मी तिच्या पोटात हिरा खुपसला होता.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर गेलो. मिस्त्रीची बायको बाहेर ओट्यावर बसून चिकणमाती मळत होती. शेजारी लोखंडी नळकांड्यात पिना उभ्या रचलेल्या, आणि त्यांच्याभोवती बाभळीच्या कोळशाचा चुरा, जळकी हाडं, शिंगांचा भुगा, मूठभर खडे मीठ. झाकण बसवून तिने कडेने मातीचा जाड लिंपा दिला, फट राहू दिली नाही.

“ह्या पिना आत काय खातात माहीत हाय का सर?” मिस्त्री म्हणाला. “कोळसा खातात. लाल झालं लोखंड की त्याला भूक लागती.”

हे मी ‘कार्बनचं विसरण’ या नावाने शिकवत होतो. भूक हा शब्द माझ्या टिपणांत नव्हता.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग सगळे करतात तसं न्हाई करत मी. सगळे काय करतात, पोटभर खाल्लं की काढून पाण्यात टाकतात. वर कडक पापुद्रा, आत मऊ, आन् मधी एकदम शिवण. घासायला लागलं की त्या शिवणीतून उकलतं. आमी काय करतो, कोळशातून काढायच्या, नुसत्या मातीत लिंपायच्या, आन् पुन्ना भट्टीत. आता खायला काय न्हाई. जेवन झालं, आता शतपावली. वरचं हळूहळू आत जिरतं, मगच पान्यात.”

“किती वेळ?”

“ते हिला विचारा.”

“ह्यांना टाइमाचं काय कळत न्हाई,” बायको माती थापटत म्हणाली. “बोलत बसले की बोलतच बसतात. टाइम मी धरती. नगरपालिकेचा सकाळचा भोंगा झाला की कोळशात, दुपारचा झाला की मातीत, आन् शाळा सुटली की बाहेर. सुट्टीच्या दिवशी शाळा सुटत न्हाई, म्हनून सुट्टीच्या दिवशी भट्टी लावायची न्हाई. एकदा ह्यांनी लावली, पिना करपल्या.”

“एकदाच,” मिस्त्री म्हणाला.

“दोनदा.”

मिस्त्रीने तळहात माझ्यापुढे धरला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, जुने, पिवळट. “हे बघा. नवा गडी हातोडा धरतो, त्याला फोड येतो. कातडं वेगळं, मांस वेगळं, मधी पानी. आमाला घट्टा पडतो. घट्ट्यात कुटं कातडं संपलं आन् कुटं मांस सुरू झालं, दाकवा बरं.”

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. वर शिंगासारखं, मग चामड्यासारखं, मग माणसासारखं. सीमा सापडली नाही. त्या सुमाराला परदेशी नियतकालिकांत अशा पदार्थांवर लिहिलं जात होतं, ज्यांचा लवचीकपणा पृष्ठभागापासून आत क्रमाक्रमाने बदलत जातो. घर्षणाखाली त्यांच्यात ताण कसे पसरतात, याची गणितं पानंच्या पानं असत. औरंगाबादच्या ग्रंथालयात जुने अंक चाळताना मी त्यांतलं एक वाचलं होतं, अर्धं समजलं होतं, आणि ते शब्द एका सेमिनारमध्ये फेकूनही झाले होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर पिनेत बदलत होता तो मुख्यतः कठीणपणा; लवचीकपणा पोलादात फारसा हलत नाही. त्या गणितांचा खरा नमुना पिनेपेक्षा तो तळहातच होता. पण मुद्दा दोन्हीकडे एकच: शिवण नसली की ताणाला जमून बसायला जागा मिळत नाही.

कॉलेजात परतून मी कापलेल्या पिनेचं तोंड पुन्हा यंत्राखाली धरलं. या वेळी कडेपासून सुरुवात केली आणि केसभर केसभर सरकत मध्यापर्यंत गेलो. कडेला आकडा टायवाल्याच्या पिनेच्या पोटातल्या आकड्याहून वर होता. मग तो उतरत गेला, मांजरसुंब्याहून पालीकडे घाटाचा रस्ता उतरतो तसा, वळणं घेत, कुठेही गाडी न उधळता. मग टायवाल्याची पिन घेतली. तिचा मुलामा नखाहून पातळ होता, आणि तो संपला की लगेच दुसरा धातू. तिथे घाट नव्हता, कडा होता.

मी नवा अहवाल लिहून प्राचार्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला.

“सही झालेला अहवाल बदलत नसतो.”

“चुकीचा आहे सर.”

“चुकीचा असेल. पण झालेला आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अहो, परवा कारखान्याच्या मोळीच्या समारंभाला मी प्रमुख पाहुणा आहे.”

तेव्हा मी तो अहवाल खिशात घातला आणि अर्ज टाकून, किरकोळ रजेवर, स्वतःच कारखान्यावर गेलो. तिथे मांडव पडत होता. दोनशे लाल खुर्च्या आल्या होत्या, त्यांतल्या पुढच्या अकरांवर पांढरी आवरणं होती. चेअरमनसाहेब मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. शेजारी चीफ इंजिनिअर आणि कारखान्याचे सेक्रेटरी. टायवालाही होता. मी सांगितलं, “माझा अहवाल चुकीचा आहे. मी चुकीच्या जागी मोजलं.”

टायवाला हसला आणि म्हणाला, “सर, टेस्ट इज टेस्ट.”

चेअरमनसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोठा माणूस, बोलायला लागला की तासाच्या आत थांबत नसे. पण त्या दिवशी एकच वाक्य बोलले, आणि त्यांच्या शेकडो भाषणांपैकी मला तेवढंच आठवतं: “चुकलो म्हननारा मास्तर मी पयल्यांदाच बघतोय, आता ह्याचं ऐकून चुकलो तर चुकलो.”

मग चीफ इंजिनिअरने तोडगा काढला. साखळीला दोन पदर होते. एका पदरात मिस्त्रीकडे तयार असलेल्या पिना, दुसऱ्यात टायवाल्याच्या. महिन्याने साफसफाईसाठी चरक बंद ठेवतात, तेव्हा दोन्हीकडच्या काढून बघायच्या. माझा सुधारलेला अहवाल सेक्रेटरींनी घेतला, वाचला आणि मला बाजूला नेलं.

“सर, यात हाडांचा कोळसा असं लिवलंय. गव्हाणीची पूजा असती. तेवढं काढा.”

साखर पांढरी करायला जगात एके काळी हाडांचाच कोळसा वापरत, हे मी त्यांना सांगितलं नाही. खोडून ‘सेंद्रिय कार्बन’ लिहिलं. शास्त्राचं काही बिघडलं नाही आणि पूजेचंही.

मोळी टाकण्याचा समारंभ झाला. आमच्या प्राचार्यांनी तंत्रज्ञान आणि ग्रामीण विकास यावर पाऊण तास भाषण केलं. मिस्त्री शेवटच्या रांगेत उभा होता, खुर्च्या मोकळ्या असूनही. साखळी सुरू झाली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि तो डोळे मिटून तिचा आवाज ऐकत होता.

तो महिना मला जड गेला. मिस्त्रीने नव्या पिनांचं काम घेतलं नव्हतं, ऑर्डर नव्हतीच. भट्टी थंड होती. मी जाता-येता बघायचो. एकदा त्याच्या बायकोने मला थांबवलं आणि मेव्हण्याचा निरोप आल्याचं सांगितलं: गाड्यावर माणूस पाहिजे, किती दिवस जागा ठेवू? “मी म्हनलं, चरक बंद होस्तोवर ठेव,” ती म्हणाली, आणि कोरड्या मातीचा ढीग पाय लावून सारखा केला.

चरक बंद झाला त्या सकाळी आम्ही चौघं गव्हाणीत उतरलो: चीफ इंजिनिअर, त्यांचा एक फिटर, मिस्त्री आणि मी. टायवाल्याला कळवलं होतं. त्याची गाडी नगरजवळ बिघडली होती म्हणे. खाली उसाचा आंबूस वास कोंडला होता. फिटरने आधी चमकत्या पिना ठोकून काढल्या. घासलेल्या अंगावर मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता, उन्हात भाजलेल्या पाठीची साल निघते तसा. सुटलेले कण भोकात अडकून त्यांनी उरलेलं पोलाद खरवडून काढलं होतं. एक पिन तर निघाली ती दोन तुकड्यांत. कधी तुटली, कुणालाच कळलं नव्हतं; कड्यांच्या दाबाने तशीच बसून राहिली होती.

मग दुसरा पदर. मिस्त्री पुढे आला नाही. फिटरने पहिली पिन काढली, फडक्याने पुसली आणि चीफ इंजिनिअरच्या हातात दिली. त्यांनी नखाने चाचपली, जाडी मोजायला कॅलिपर लावला, पुन्हा लावला. घासलेल्या बाजूला ती थोडी झिजली होती, सगळीकडे सारखी, आणि गुळगुळीत झाली होती. चीर नव्हती. दुसरी, तिसरी, सहावी. चीफ इंजिनिअर फार बोलके नव्हते. पिन मिस्त्रीच्या हातात ठेवून म्हणाले, “दुसऱ्या पदरालाही ह्याच लागतील. किती दिवसात देता?”

“हिला विचारून सांगतो,” मिस्त्री म्हणाला.

वर येताना शिडीवर तो माझ्या पुढे होता. मध्येच थांबला आणि मागे वळून ती पिन माझ्या हातात दिली. “ठिवा सर. आता मोजा पायजे तितं.”

ती पिन अजून माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून वापरतो. मधल्या काळात कपाटाचं कुलूप तोडायची मंजुरी आली, आणि खाच असलेला तो ठोकळा निघाला, कंपनीच्या मेणकागदात जसाच्या तसा. पण त्याच्या आधीच मी एक काम करून घेतलं होतं. आमच्या चाचणी अहवालाचा फॉर्म पुन्हा छापायला जाणार होता. त्यात ‘कठीणपणा’ या रकान्याच्या आधी मी एक रकाना वाढवला: ‘मोजण्याची जागा’. प्राचार्यांनी विचारलं, हा कुणाच्या सूचनेवरून? मी म्हणालो, तज्ज्ञांच्या. त्यांनी सही केली.